प्रो-लाइफ, प्रो-चॉइस आणि मिझुरीचा मतदार

ओहायोकर:
इथे अमेरिकेत गर्भपाताचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "तू कुठल्या बाजूचा? प्रो-लाइफ, म्हणजे गर्भपाताच्या विरोधातला, की प्रो-चॉइस, म्हणजे निर्णय बाईचा मानणारा?" जणू भारत-पाकिस्तान मॅच. आता मिझुरी राज्य बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे गर्भपातविरोधी रिपब्लिकन पक्षाच्या ट्रम्पना ५८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. त्याच दिवशी गर्भपाताचा हक्क त्या राज्याच्या घटनेत घालणारी दुरुस्तीही ५१ टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर झाली. दोन्हीकडे मत देणारे काही थोडेथोडके नव्हते. आमच्या शेजारच्या आजी दर रविवारी चर्चला जातात. २०२३ मध्ये ओहायोत याच हक्कावर मतदान झालं, त्यात त्यांनी हक्काच्या बाजूने मत दिलं. म्हणाल्या, "मी स्वतः केला नसता, पण पोलिसांनी त्यात पडू नये." आता त्यांना कुठली पाटी लावू?

खडूस_काका:
आजी चांगल्याच असणार हो, पण न्यायाधीश आजी नेमत नाहीत. गर्भपात हा घटनात्मक हक्क मानणारा 'रो विरुद्ध वेड' हा निकाल २४ जून २०२२ ला मोडीत काढणाऱ्या सर्वोच्च न्यायालयातल्या पाच जणांतले तिघे ट्रम्पने नेमलेले. पाट्या माणसाच्या मनात पुसट असतील, सत्तेत ठसठशीत असतात. आणि तुमचं मिझुरी? त्याच मतदारांनी निवडलेल्या विधिमंडळाने मे २०२५ मध्ये ती दुरुस्ती रद्द करायचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला लावला.

ओहायोकर:
'रो'चा १९७३ चा निकाल लिहिणारे न्यायाधीश ब्लॅकमन रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सनने नेमलेले होते. आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही कुणाची? तेव्हाचे तिथले रिपब्लिकन गव्हर्नर रेगन यांची!

खडूस_काका:
पन्नास वर्षांपूर्वीच्या पाट्या कशाला उकरताय? आजच्या बोला.

कृष्णाकाठची:
आपल्याकडची पाटी निराळी आहे, 'स्त्रीभ्रूणहत्या'. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. त्यासाठी भांडलेल्या कितीतरी बायका गर्भपाताच्या हक्काच्याही बाजूने होत्या. त्यांचा राग तपासणीवर होता. भिंतींवर मात्र रंगलं, 'भ्रूणहत्या पाप आहे'. मी पंधरा वर्षं बायकांसोबत दवाखान्यात जातेय. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ चा. तरी नवऱ्याच्या दारूला आणि तिसऱ्या बाळंतपणाला कंटाळलेली बाई पायरीवर थबकून विचारते, "ताई, पोलीस धरतील का हो?" तिला अमेरिकेतली कुठली पाटी देऊ?

खडूस_काका:
ताई, 'प्रसूतिपूर्व निदानतंत्राचे विनियमन झालेच पाहिजे' अशा घोषणेवर मोर्चा निघतो का? शब्द जळजळीत होता म्हणून लोक जागे झाले.

कृष्णाकाठची:
मोर्चा निघाला, कबूल. मीही त्यात होते, घसा बसेपर्यंत ओरडलेय. पण डॉक्टरची चिठ्ठी दाखवूनही औषधवाला "त्या गोळ्या आम्ही ठेवतच नाही, लफडं नको" म्हणतो ना, तेव्हा बाईला घेऊन पुढच्या दुकानात मला जावं लागतं. परवा चार दुकानं फिरलो.