जायकवाडीला पाणी सोडायचंच, तर नदी वाहती असताना का नाही?

पैठणकर:
पाऊस कमी झाला की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हे भांडण पेटतंच. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून 1,465 किलोमीटर जाते, पण पैठणपर्यंत तिला खरं पाणी देतो तो घाटमाथा. निफाडच्या पुढे सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. त्यामुळे वरची धरणं भरून वाहिली तरच नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरतो. त्याची क्षमता 102 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, त्यातला 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यात न येणारं तळाचं पाणी. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाण्याचं समन्यायी वाटप मान्य केलं. त्यानुसार 15 ऑक्टोबरला आढावा होतो आणि जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडायचं ठरतं. मग हरकती, कोर्ट, मोर्चे. 2023 मध्ये पाणी सुटलं ते नोव्हेंबर संपत आल्यावर! तोवर पात्र कोरडं पडलेलं, केटी वेअरला (कोल्हापुरी बंधाऱ्यांना) पाणी अडवायच्या फळ्या बसलेल्या, दोन्ही काठांवर उपशाच्या मोटारी. अर्धं पाणी वाळूतच जिरणार. माझी मागणी एकच: ऑगस्टमध्येच आढावा घ्या आणि सगळी धरणं सारख्या प्रमाणात भरू द्या.

निफाडचा बागायतदार:
भाऊ, याच 2023 चा ऑगस्ट आठवा. अख्खा महिना कोरडा गेला. तेव्हा वरची गंगापूर, दारणा ही धरणं रिकामी केली असती आणि सप्टेंबरनेही दगा दिला असता, तर नाशिक शहराने प्यायचं काय? आमच्या द्राक्षांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तिथून फळ उतरेपर्यंत पाणी तुटून चालत नाही. ऊस एक वर्ष नाही लावला तर नाही लावला. द्राक्षाची बाग वाळली तर नवी उभी करून पहिलं उत्पन्न हाती यायला दोन-अडीच वर्षं जातात, आणि मांडवाचं कर्ज तसंच राहतं. शिवाय नाथसागर पसरट आणि उथळ. तिथे उन्हाने किती पाणी उडतं ते तुम्ही रोज बघता.

पैठणकर:
पिण्याचं पाणी आधी बाजूला काढा, त्याला कुणाचाच विरोध नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना ही शहरंसुद्धा याच धरणावर पितात. आणि बाष्पीभवन होतं म्हणून धरण भरूच नका, हा कुठला न्याय?

कोपरगाव कालवा:
जायकवाडीची पायाभरणी 1965 ची. नांदूरमधमेश्वरचे आमचे कालवे इंग्रजांच्या काळातले. आजोबांना ऊस ब्लॉक, म्हणजे उसासाठी हमीच्या पाण्याचं क्षेत्र, सरकारनेच मंजूर करून दिले होते. तो हक्क नवा कायदा करून पुसता येत नाही.

पाथरीची सून:
दादा, हक्काचंच बोलायचं तर आमचंही ऐका. पैठणला पाणी आलं म्हणजे मराठवाड्याला मिळालं, असं पैठणकर भाऊंनीही समजू नये. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे आणि आम्ही टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. आमच्या चारीत (शेताकडे येणाऱ्या पोटकालव्यात) पुरुषभर उंचीची बाभळ उगवली आहे, गेटचं चाक कधीच गायब झालंय. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटल्याचं पेपरात वाचतो, पाणी मधल्या उसातच मुरतं. नाशिककरांशी भांडायला सगळे पुढारी पुढे, पण वरच्या चारीवरच्या उसाला कोण हात लावणार? तुम्ही नाशिककडे टक्केवारी मागता तशी आम्ही तुमच्याकडे मागतो.

पैठणकर:
ताई, बरोबर आहे तुमचं. टेलला आधी पाणी, हा नियम कागदावर आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण धरणात पाणीच नसेल तर टेलला सोडणार काय? 2016 ला नाथसागर मृतसाठ्यात होता.

निफाडचा बागायतदार:
ऑगस्ट मला तरी पटत नाही. हिशोब पाऊस संपल्यावरच होतो, पडायच्या आधी नाही. घोळ आहे तो नंतरच्या दीड महिन्याचा. हरकती सप्टेंबरातच ऐकून संपवा, 15 ऑक्टोबरला आढावा आणि 20 ला पाणी. तेव्हा पात्र ओलं असतं आणि फळ्याही बसलेल्या नसतात. यावर मी सही करायला तयार आहे, पण पाथरीच्या चारीपर्यंत किती पोचलं याचा आकडा दर आवर्तनाला जाहीर झाला पाहिजे. आमच्या बागेचं तोडून दिलेलं पाणी दुसऱ्याच्या उसाला जाणार असेल, तर आम्ही एक थेंब सोडू देणार नाही.