मदत हवी आहे: गोडार्डच्या रॉकेटचं इंजिन वर का होतं, हे मुलांना कसं समजवू?

नमस्कार मंडळी. आमच्या खगोल मंडळात आठवी-नववीच्या मुलांसमोर सुरुवातीच्या रॉकेटवेड्यांबद्दल बोलायचं आहे. गोष्टी भरपूर आहेत, घोडं अडलंय विज्ञानापाशी.

१६ मार्च १९२६ ला अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्डने मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्नला, नात्यातल्या एका बाईंच्या शेतात, पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर रॉकेट उडवलं. अडीच सेकंदांत जेमतेम ४१ फूट वर गेलं आणि १८४ फुटांवर जाऊन पडलं. फोटो पाहिलात तर गंमत दिसते: इंजिन टोकाला, टाक्या खाली, मध्ये नुसत्या नळ्या. वरून ओढलं की रॉकेट लंबकासारखं सरळ राहील, असा हिशेब. पुढे बर्लिनच्या हौशी रॉकेटवाल्या मंडळींनीही आपल्या ‘मिराक’ रॉकेटमध्ये इंजिन डोक्यावरच ठेवलं!

हा हिशेब चुकीचा आहे हे मला कळतं. रॉकेट कललं की इंजिनही कलतं, आणि जोर रॉकेटच्याच अक्षावर राहतो. त्याला सरळ करणारं काही उरत नाही. पण मुलं लगेच म्हणणार, ‘लंबक तर मधे येतोच की!’ तिथे टांगायचा खिळा स्थिर असतो, हे टॉर्क वगैरे शब्द न वापरता दाखवता येईल असा एखादा प्रयोग सुचवाल का? फुगा, स्ट्रॉ, पाण्याची बाटली, काहीही चालेल. वर्गात करण्याजोगा हवा, छताला डाग नकोत.

आणि बर्लिनमध्ये कुणी असेल तर: टेगेलजवळ १९३० साली सुरू झालेल्या, ‘मिराक’वाल्या मंडळींच्या रॉकेट-मैदानाच्या जागी आज काही खूण आहे का? फोटो मिळाला तर फारच उत्तम.