समुद्राकडे पाठ केलेली घरं

वर विचारलंय की गुहागरची जुनी घरं समुद्र इतका जवळ असून त्याच्याकडे पाठ करून का उभी आहेत. अहो, समुद्र बघायला घरं कुणी बांधली होती! गाव एका लांबलचक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वसलंय. पश्चिमेकडच्या घरांची ओटी रस्त्यावर, मग माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि त्यामागे नारळी-पोफळींचं आगर थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपर्यंत. न्हाणीचं पाणीसुद्धा वाया नाही, पाटाने पोफळींना. खारा वारा आधी आगर झेलतं. तरी पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांच्या झडी, म्हणजे आडोसे, बांधावे लागायचेच.

भिंती जांभ्याच्या. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. मंगलोरी कौलं मात्र उशिरा आली. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने कारखाना काढला तोच १८६५ साली. त्याआधी नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं, किंवा गवत, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी.

आता कौलांऐवजी स्लॅब टाकतात. शाकारायला माणूस मिळत नाही आणि कौलांवर वानरं नाचतात, त्यामुळे दोष तरी कुणाला द्यायचा? पण मे महिन्यात दुपारी त्या स्लॅबखाली झोपून दाखवा.