घोडीचं आतडं दोनदा त्याच जागी अडकलं. दुर्बिणीने ती फट शिवून घ्यावी का?

रेवाकाठ, बडोदा
नमस्कार मंडळी. माझी तुळजा, काठियावाडी घोडी, वय १४. फाल्गुनात एका रात्री तिने चंदीला तोंड लावलं नाही. पुढच्या पायाने माती उकरायची, मान वळवून डाव्या कुशीकडे बघायची, परत उकरायची. लीद बंद. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, मग आतून हात घालून तपासलं, सोनोग्राफी केली. डावी किडनी दिसायला हवी तिथे नुसता वायू. मोठं आतडं वर सरकून प्लीहा आणि किडनीमधल्या फटीत, तिथल्या पट्टीवर खुंटीला टांगल्यासारखं अडकलं होतं. प्लीहा आकसावी म्हणून फिनाइलेफ्रिन शिरेतून दिलं आणि मी तिला लांब दोरीवर दुडकत ठेवलं. पहाटे साडेचारला तिने लीद टाकली. ती कोमट लीद हातात घेऊन मी रडलो.

ज्येष्ठात पुन्हा तेच, त्याच जागी. आता डॉक्टर म्हणतात, घोडी बरी असतानाच दुर्बिणीने ती फट बंद करून टाका, तेही उभ्या घोडीवर. वडिलांच्या घोड्याचं पोट उघडून ऑपरेशन झालं होतं. भुलीतून उठताना त्याचा मागचा पाय मोडला. त्यामुळे ऑपरेशन म्हटलं की छातीत धस्स होतं. कोणी करून घेतलंय का?

निवृत्त पशुवैद्य, आणंद
दादा, तुमची भीती खरी आहे. जड जनावर भुलीतून धडपडत उठतं, तो क्षण आम्हालाही नको वाटतो. इथे तो येतच नाही. घोडीला खोड्यात उभी करतात, डेटोमिडीनने गुंगी देतात आणि डावी कूस तेवढी बधिर करतात. छोटी भोकं पाडून कॅमेरा आणि लांब हत्यारं आत घालतात, प्लीहेची वरची कड त्या पट्टीला टाके घालून जोडतात. खुंटीच उरत नाही. ही पद्धत २००१ साली प्रसिद्ध झाली. ऑपरेशनआधी घोडीला २४ ते ३६ तास उपाशी ठेवावं लागतं, आतडं भरलेलं असलं तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट वयाची. फिनाइलेफ्रिनने रक्तदाब चढतो. पंधराच्या पुढच्या घोड्यांत त्याने आत रक्तस्राव होऊन जीव गेल्याची उदाहरणं आहेत. तुळजा १४ ची आहे. तिसऱ्यांदा अडकलं तर ते औषध द्यायला मी दहादा विचार करीन. म्हणून माझं मत, करून घ्या. फक्त असं काम हाताखालून गेलेला सर्जन शोधा.

मोतीची आई, नाशिक
आमच्या मोतीचं केलंय. टाके निघेपर्यंत ठाणात बांधून ठेवला, नंतर हळूहळू हाताने फिरवला. जखमा बोटाएवढ्या. त्या जागी पुन्हा कधी अडकलं नाही. पण दादा, वर्षभराने त्याला पुन्हा पोटदुखी झाली, त्या वेळी आतडं उजवीकडे सरकलं होतं. ती वेगळी गोष्ट, हे टाके तिला रोखत नाहीत. तेव्हा चंदी थोडी थोडी, दिवसातून तीन-चारदा, वैरण सतत समोर, पाणी भरपूर आणि रोज मोकळं सोडणं, हे चुकवू नका.

रेवाकाठ, बडोदा
काका, ताई, मनापासून आभार. वयाचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. आज सकाळी डॉक्टरांना फोन करून हो म्हटलं. रजको, म्हणजे आपला लसूणघास, ती अधाशासारखी खाते, तो कमी करून वाळलं गवत वाढवलंय. उपाशी ठेवायच्या रात्री मी तबेल्यातच झोपणार. शेजारच्या ठाणातला घोडा मात्र हलवावा लागेल, त्याला खाताना बघितलं की ती दाराला लाथा मारते.