मालवणजवळ खाणावळ आणि खोल्या: आगीच्या बंदोबस्ताबद्दल सल्ला हवा

माडबाग: आमचं दुमजली घर आहे. खाली खाणावळ, वर पर्यटकांना खोल्या. अंगणात झावळ्यांचा मांडव, तिथेच जेवणं होतात. माकडांमुळे सगळ्या खिडक्यांना पक्के गज आहेत, जिना एकच. दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी सगळं नियमाप्रमाणे करायचंय. कोणते फायर एक्स्टिंग्विशर घेऊ?

खाडीपल्याड: ताई, ते नंतर घ्या, आधी बाहेर पडायच्या वाटा बघा. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली, बहुतेक धुरात गुदमरून. बाल्कनीतली वाट जादा खुर्च्या टाकून अडवलेली होती. तुमच्याकडे जिन्यात धूर भरला तर वरच्या माणसांनी जायचं कुठून? प्रत्येक खोलीत एका खिडकीचे गज आतून उघडतील असे करून घ्या. कुलूप नको, नुसती कडी. जमलं तर मागून बाहेरचा जिना काढा. लोखंडी असेल तर गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा थर दिलेलं), खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही.

आणि मांडवाखाली चूल, शेगडी काही नको. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. खाणावळीच्या भिंतीपासून मांडव लांब घ्या. यात तडजोड करू नका.

सह्याद्री_७: कागदांचं सांगतो. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात हे निकष आहेत, पण सक्ती येते ती राज्याच्या कायद्याने. आपल्याकडे २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यात जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. आगीच्या यंत्रणेचं काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्या आणि तिच्याकडून नमुना 'अ', म्हणजे काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला, घ्या. पुढे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा नमुना 'ब' द्यावा लागतो. तुमच्या इमारतीला नक्की काय काय लागू होतं, ते अग्निशमन अधिकाऱ्यांकडूनच लेखी घ्या.

बांगडा_फ्राय: माझी खाणावळच आहे. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही! गॅस बंद करून झाकण ठेवायचं, हे पोरांकडून करवून घ्या. एक्स्टिंग्विशर म्हणाल तर स्वयंपाकघरात वेट केमिकलचा (तेलाच्या आगीसाठीचं द्रावण), मीटर-इन्व्हर्टरपाशी कार्बन डायऑक्साइडचा, बाकी एबीसी पावडरचा (लाकूड-कागद, तेल-पेट्रोल, गॅस अशा आगींसाठी). पावडरवाल्याचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडवाल्याला काटाच नसतो, तो वजन करून तपासतात. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या खोलीला खालून जाळी ठेवा.

माडबाग: मनापासून आभार. गजांसाठी वेल्डरला बोलावलंय. आतून सहज उघडेल, पण बाहेरून हात घालून निघणार नाही, अशी कडी कोणी बसवली असेल तर फोटो टाका.