गर्दीचं दृश्य आणि मायनिंगेनचा ड्यूक: कुणी माहिती देईल का?

परभणीचा_रंगकर्मी

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी ग्रुपतर्फे यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवायलोत. पाण्याच्या मोर्चाचा प्रसंग आहे, स्टेजवर एका वेळी बावीस जण. पण सगळे शाळेत प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे दिसायलेत. पुढं दोघं बोलतात, बाकीचे नुसते बघतात.

नाट्यशास्त्राच्या नोट्समध्ये एवढंच सापडलं की आधुनिक दिग्दर्शनाची सुरुवात साक्से-मायनिंगेन या जर्मन संस्थानाच्या ड्यूकपासून, म्हणजे तिथल्या राजापासून मानतात आणि गर्दीची दृश्यं ही त्याची खासियत. राजा माणूस नाटक कामून बसवत होता? आणि नेमकं काय करत होता? जाणकारांनी सांगावं.

विंगेतून_नांदेड

वयानं मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतो. या माणसाबद्दल मला फार जिव्हाळा आहे, त्यामुळे लांबलं तर वाचून घे.

गेऑर्ग दुसरा, जन्म 2 एप्रिल 1826. त्याचं संस्थान थ्युरिंगियात, आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या साधारण निम्मं. 1866 च्या युद्धात त्याच्या वडिलांनी ऑस्ट्रियाची बाजू धरली, प्रशिया जिंकली आणि वडिलांना गादी सोडावी लागली. असा हा चाळिशीत ड्यूक झाला. गादीवर आल्यावर त्यानं दरबारी थिएटरातला ऑपेरा बंद केला. पैसा आणि लक्ष त्याला नाटकाला द्यायचं होतं, त्यातही शेक्सपिअर आणि जर्मन नाटककार शिलर.

चित्रकला शिकलेला होता. नेपथ्य, पोशाख, कोण कुठं उभा राहणार, हे सगळं स्वतः काढायचा. त्या चित्रांवरून कोबुर्ग गावचे ब्रुकनर बंधू पडदे रंगवायचे. म्हणजे प्रयोग कसा दिसणार हे एका डोक्यात आधी ठरलेलं असायचं. त्या काळी मोठा नट पुढं येऊन आपलं भाषण म्हणायचा, बाकीचे जागा मिळेल तिथं उभे राहायचे. ते यानं मोडलं.

आता तुझ्या बावीस जणांकडे येतो. तो गर्दीचे छोटे गट पाडायचा आणि प्रत्येक गटाला एक मुरलेला नट नेमून द्यायचा. गटाला शिकवायचं त्यानंच आणि प्रयोगात सांभाळायचंही त्यानंच. ‘लोक ओरडतात’ एवढ्यावर भागत नसे. कुणी काय ओरडायचं तेही लिहून दिलेलं. आज ज्याची प्रमुख भूमिका, त्याला उद्या गर्दीत उभं राहावं लागे. नाही म्हणायची सोय नव्हती.

त्याच्या सूचना अगदी बारीक असत. दोघांनी एकमेकांना समांतर उभं राहू नये. रंगमंचाचा बरोबर मध्य टाळावा. पायऱ्यांवर उभं राहायचं तर एक पाय वरच्या पायरीवर. गर्दीत शेजारच्या दोघांची डोकी एका उंचीवर नकोत. रंगवलेल्या पडद्याला टेकू नये, कारण कापड हललं की भिंत खोटी पडते. ही शेवटची सूचना वाचली तेव्हा मला आपल्या स्पर्धा आठवल्या. वाड्याच्या दगडी भिंतीला नट टेकतो आणि अख्खा वाडा डुलतो!

आणखी एक. रंगीत तालीम आपण शेवटच्या दिवशी उरकतो. त्याच्याकडे पोशाख आणि हत्यारं सुरुवातीच्या तालमींपासून अंगावर असायची. चिलखत घालून चालायची सवय एका संध्याकाळीत होत नाही, हे त्याला कळत होतं.

1 मे 1874 ला बर्लिनमध्ये ‘ज्युलिअस सीझर’ झालं. अँटनीच्या भाषणावर रोमची गर्दी कशी पलटते, हे बघायला लोक लोटले. तिथून 1890 पर्यंत युरोपभर दौरे. फ्रेंच दिग्दर्शक आंत्वाननं ही मंडळी 1888 ला ब्रुसेल्समध्ये पाहिली, रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीनं 1890 ला मॉस्कोत. दोघांच्या पुढच्या कामात त्याची खूण दिसते.

गोदाकाठचा_वाचक

माहिती उत्तम, पण एक खटकतं. तिजोरी हातात असल्यावर चिलखतं काय नि रेशीम काय, सगळं जमतं. आमच्या पोरांना तालमीला हॉल मिळत नाही. मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, मोबाइलच्या उजेडात तालमी चालतात. राजाचं उदाहरण त्यांच्या काय कामाचं?

सूर_अंबाजोगाई

याच ड्यूकच्या दरबारी वाद्यवृंदाबद्दल थोडं. 1880 मध्ये त्यानं संगीत संचालक हान्स फॉन ब्युलोला वाद्यवृंद सोपवला. ब्युलोनं तंतुवाद्यं आणि फुंकवाद्यं आधी वेगवेगळी बसवून घेतली, मग एकत्र आणली. जर्मन संगीतकार ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीचा (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) पहिला प्रयोग 25 ऑक्टोबर 1885 ला मायनिंगेनलाच झाला, स्वतः ब्राम्सच्या संचालनाखाली. तेव्हा विशीतला संगीतकार रिचर्ड श्ट्राउस तिथं ब्युलोच्या हाताखाली होता. एवढ्याशा गावात! म्हणजे तालमीचं वेड नाटकापुरतं नव्हतं.

विंगेतून_नांदेड

@गोदाकाठचा_वाचक, तुमचा मुद्दा मान्य. पैसा होता, आणि तो राज्याचा होता. पण त्या काळी जर्मनीत त्याच्यापेक्षा श्रीमंत दरबारी थिएटरं कितीतरी होती. त्यांच्याकडे रेशीम होतं, गर्दी मात्र जिवंत नव्हती. गट पाडायला, प्रत्येकाला वाक्य लिहून द्यायला, मोठ्या नटाला मागं उभं करायला खर्च येत नाही. ते गच्चीवरही होतं. हॉल मिळायला हवा, त्यासाठी भांडायलाच हवं, त्यात वाद नाही.

आणि हे एकट्या राजाचं काम नव्हतं. लुडविग क्रोनेक मूळचा विनोदी नट. तालमीत शिस्त त्याची, दौऱ्यांचा सगळा भार त्याच्यावर. ड्यूक बहुतेक वेळा मायनिंगेनहून पत्रं लिहायचा. क्रोनेकची तब्येत ढासळली, दौरे थांबले आणि 1891 मध्ये तो गेला. दुसरी एलेन फ्रान्झ, कंपनीतली नटी. ड्यूकनं 1873 मध्ये तिच्याशी लग्न केलं, तेव्हा वडील आणि बर्लिनचा दरबार दोघंही नाराज. ती रंगमंचावरून उतरली, पण नाटकाची निवड आणि नटांची वाणी तिनं सांभाळली. तिच्याशिवाय ही मंडळी उभी राहिली नसती असं माझं ठाम मत आहे. मार्च 1908 मध्ये थिएटर जळालं. ऐंशी ओलांडलेल्या ड्यूकनं ते पुन्हा बांधलं आणि डिसेंबर 1909 मध्ये उघडलंही. 25 जून 1914 ला तो गेला.

परभणीचा_रंगकर्मी

दादा, लई आभार. आमच्याकडे मुरलेले नट चारच आहेत आणि त्यातले दोघं प्रमुख भूमिकेत. मग गट कसे पाडू?

विंगेतून_नांदेड

मोर्चाच्या प्रसंगात ते दोघं बोलत नसतील तर त्यांनाही गर्दीत घाल. बावीस जणांचे चार गट: हंडे घेतलेल्या बाया, शेतकरी, कॉलेजची पोरं आणि तमाशा बघायला आलेले. चौथा गट विसरू नको, मोर्चा खरा वाटतो तो त्यांच्यामुळं. प्रत्येकाला नाव, गाव आणि एक वाक्य लिहून दे, आणि हंडे उद्यापासूनच तालमीत आण. भरलेले आण. रिकामा हंडा डोक्यावर घेतलेली बाई चालतानाच कळते.