सापडलेला कुत्रा ठेवून घ्यावा, की त्याचा मालक शोधावा?

जळगावकर

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, मेहरूण तलावाजवळच्या आमच्या गल्लीत फिकट पिवळ्या रंगाचा एक लॅब्राडोर शिरला आणि शेजाऱ्यांच्या उभ्या स्कूटरखाली जाऊन बसला. सुतळी बॉम्बच्या प्रत्येक आवाजासरशी त्याचे अंग थरथरत होते. गळ्यात पट्टा नव्हता. पण मानेभोवतीचे केस बोटभर रुंदीत दबलेले होते, म्हणजे पट्टा नुकताच निघाला होता. भाकरीचा तुकडा त्याने हुंगून सोडून दिला, पाणी मात्र पातेलेभर प्यायला. शेजारच्या वहिनींनी मायेने वांग्याचे भरीत आणले होते, ते मी परत पाठवले, कारण त्यातली कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींचा नाश करतात.

दुसऱ्या दिवशी जो तो म्हणू लागला, की जातिवंत कुत्रा आहे, ठेवून घ्या. मालकाला काळजी असती तर तो सुटलाच कशाला असता? मला हे पटत नाही. फटाक्यांना घाबरलेला कुत्रा साखळी तोडून पळतो आणि वाट फुटेल तिकडे धावतो; त्यात मालकाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. शिवाय कायद्याने कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे. मालकाचा वाजवी शोध न घेता सापडलेली वस्तू आपलीशी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो.

मी दूधवाला, पेपरवाला आणि आसपासचे किराणा दुकानदार यांना सांगितले, जनावरांच्या दोन दवाखान्यांत जाऊन आलो. कातडीखाली मायक्रोचिप असेल तर तिचा १५ आकडी क्रमांक यंत्रावर वाचता येतो. एका दवाखान्यात ते यंत्रच नव्हते, दुसऱ्यात होते, पण चिप निघाली नाही. व्हॉट्सॲपवर मी फक्त तोंडाचा फोटो टाकला आणि एक खूण मुद्दाम सांगितली नाही. त्यामुळे ‘आमचाच आहे’ म्हणत आलेले दोघे रिकाम्या हाताने परत गेले. चौथ्या दिवशी एक कुटुंब आले. त्यांचा दहा-बारा वर्षांचा मुलगा दारातूनच म्हणाला, “त्याच्या मागच्या डाव्या पायाचे एक नख पांढरे आहे, बाकीची काळी आहेत.” तोवर कुत्रा अंगणात गोल गोल फिरत रडल्यासारखा आवाज काढू लागला होता. सापडलेल्या कुत्र्याबाबत आपले पहिले कर्तव्य त्याला घरी पोचवणे हेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

बागायतदार, चोपडा तालुका

भाऊ, शहरापुरते तुमचे बरोबर असेल, पण शिवारात हा नियम लावू नका. केळीच्या बागेत रानडुकरे येतात म्हणून आम्ही कुत्रे राखतो. कुंपणाच्या काट्यात अडकून फास बसू नये म्हणून त्यांना पट्टा घालत नाही. दिवसभर ते बांधावरून, पाटावरून फिरतात आणि दिवेलागणीला खळ्यात परत येतात. गेल्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला सावलीत बसलेला माझा कुत्रा गाडीतून जाणाऱ्या काही भल्या माणसांनी ‘बिचारा हरवला आहे’ असे समजून उचलून नेला. टपरीवाल्याने हे पाहिले, पण गाडीचा क्रमांक त्याच्या लक्षात राहिला नाही. तो कुत्रा हरवला नव्हता, त्यांनी उचलल्यामुळे हरवला. जिथे आहे तिथे असू द्यावा, हीच त्याच्यावर खरी दया आहे.

धुळेकर

मला दोघांचेही म्हणणे मान्य नाही. पांझरेच्या काठी मला एक कुत्री सापडली. तिच्या दोन्ही कानांत गोचिडांचे घोस लोंबत होते, नखे वाढून वाकडी झाली होती आणि गळ्यातली नायलॉनची दोरी मांसात रुतून तिथे पू झाला होता. ही एका रात्रीत झालेली दशा नव्हे. अशा घरी तिला परत द्यायचे का? पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड ५० रुपयांपर्यंतच. ज्याने तिला त्या हालात ठेवले त्याचा शोध मी घेतला नाही आणि घेणारही नाही. औषधपाण्याचा सगळा खर्च मी केला आहे आणि आता ती माझी आहे.

भुसावळचा एक वाचक

वाद चालू द्या, पण अनोळखी कुत्र्याला एकदम कवेत घेऊ नका. आवाज बदललेला असेल, लाळ गळत असेल, घास गिळता येत नसेल तर लांब राहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. दात किंवा नख लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी. हळद, चुना भरत बसू नये. घरात लहान मुले किंवा दुसरे कुत्रे असेल तर पाहुण्याला वेगळ्या जागी ठेवावे.

जळगावकर

चोपड्याच्या भाऊंनी सांगितले त्याचा मी विचार केला नव्हता, हे कबूल करतो. शिवारात निवांत बसलेल्या कुत्र्याला हात लावण्याआधी जवळच्या वस्तीवर विचारायलाच हवे. परंतु जळगाव-धुळे महामार्गावर ट्रकच्या मध्ये गांगरून इकडून तिकडे धावणारा कुत्रा, किंवा वैशाखात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना डांबरावर जीभ काढून धापा टाकत पडलेला कुत्रा मी तिथे सोडून जाऊ शकणार नाही.

धुळेकर, त्या कुत्रीसाठी तुम्ही केलेत त्याबद्दल मनापासून आदर आहे. तरीही तिची ती अवस्था मालकानेच केली असे तुम्ही धरून चालला आहात. तोडलेली दोरी गळ्यात घेऊन दोन महिने भटकलेल्या कुत्रीचीही हीच दशा होते आणि तिच्यासाठी घरी कोणी रडत असू शकते. शोध घेऊन मालक दुष्ट निघाला, तर दवाखान्याचा दाखला आणि फोटो घेऊन पोलिसांत तक्रार करता येते. खर्चाचे म्हणाल, तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम १६८ सांगते, की मालकाकडून खर्चाची भरपाई मिळेपर्यंत सापडलेली वस्तू आपल्या ताब्यात ठेवता येते. विचारपूसच न करता ‘माझी’ म्हणणे मात्र मला मान्य नाही.

धुळेकर

ती आता दाराशी दोरी दिसली तरी पलंगाखाली शिरते. तुम्ही तिला पाहिले असते तर हे लिहिले नसते. मी माझ्या मतावर ठाम आहे.

बागायतदार, चोपडा तालुका

महामार्गावरचा उचला, त्याला माझी हरकत नाही. फक्त उचलाल तेव्हा जवळच्या गावच्या पारावर किंवा टपरीवर आपला फोन नंबर ठेवून जा. माझा कुत्रा नेणाऱ्यांनी तेवढे केले असते, तर त्याच संध्याकाळी मी मोटारसायकलवरून जाऊन त्याला घेऊन आलो असतो.